चौकाच्या पलीकडे काय आहे : अपघात-जोखमीच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पाचा प्रश्न आज एका वाक्यात लिहून काढला : चौकाच्या आजूबाजूला जे काही आहे, म्हणजे शाळा, मंडई, वस्ती, दवाखाना, मंगल कार्यालय, बसथांबा, त्याचा त्या चौकातल्या अपघातांशी काय संबंध आहे, आणि तो संबंध पायी चालणाऱ्याला, दुचाकीस्वाराला व मोटारीत बसलेल्याला सारखाच लागू होतो का? वाक्य लांब झाले आहे, पण त्यातला शेवटचा तुकडा गाळला तर प्रकल्पात विशेष काही उरत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशभरात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्यू पावली. त्यांतली ३२,८२५ माणसे पायी चालणारी होती आणि दुचाकीवरच्यांचा वाटा सुमारे ४४.५ टक्के होता. तरीही ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवताना आपण सगळ्यांची एकच बेरीज करतो. राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. महामार्गासाठी ही व्याख्या कामाची असली, तरी शहरातल्या चौकात मेलेला माणूस रस्ता ओलांडत होता की गाडी चालवत होता, हे तिच्यातून कळत नाही.

पुण्यातले चोवीस चौक निवडले आहेत आणि काळ २०२२ ते २०२४ असा धरला आहे. २०२० आणि २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे रस्तेच रिकामे होते, म्हणून ती वर्षे मुद्दाम सोडली. नोंदींत चौकांची खरी नावे लिहिणार नाही. मंडईचा चौक, शाळेचा चौक, सेवारस्त्याचा चौक अशी टोपणनावे पुरेत.

१५ जानेवारी

परवानगीचे पत्र मिळाल्यावर आज पहिल्यांदा फिर्यादींची कागदपत्रे वाचायला बसले. पहिला अडथळा कलमांचा आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे त्याआधीचे गुन्हे भारतीय दंड संहितेच्या २७९, ३३७, ३३८ आणि ३०४-अ या कलमांखाली आहेत, तर नंतरचे २८१, १२५ आणि १०६ या कलमांखाली. जुन्या कलमांनी शोध घेतला की २०२४ चा उत्तरार्ध एकदम सुरक्षित झाल्यासारखा दिसतो. तक्त्यात दोन्ही क्रमांकांचा मेळ घालणारा एक स्तंभ जोडला. दुपार त्यातच गेली.

दुसरा अडथळा अधिक खोल आहे आणि तो लक्षात यायला संध्याकाळ झाली. घटनास्थळाचे वर्णन बहुतेक फिर्यादींत खुणेच्या जागेवरून केलेले असते : ‘गणपती मंदिरासमोर सार्वजनिक रोडवर’, ‘पेट्रोल पंपाजवळ’, ‘शाळेच्या गेटच्या अलीकडे’. खूण ठळक असेल तिथे अपघात चिकटतो आणि नसेल तिथून तो पुढच्या ठळक खुणेपर्यंत सरकतो. आता मी मंदिर, पंप आणि शाळा यांचा अपघातांशी संबंध शोधायला निघाले आहे आणि माझी अपघातांची नोंदच मुळी मंदिर, पंप आणि शाळा यांच्या आधाराने झालेली आहे. हा संबंध तपासण्याआधीच सापडणार, हे उघड आहे.

एका अंमलदारांना हे विचारले. ते म्हणाले, “ताई, रात्री अडीचला माणूस रस्त्यावर पडलेला असतो, आम्ही त्याला उचलणार की फीत लावणार? जे समोर दिसतं ते लिहितो.” त्यांचे म्हणणे बरोबरच आहे, ती नोंद खटल्यासाठी असते, माझ्या नकाशासाठी नव्हे.

२२ जानेवारी

मार्ग असा काढला. पंचनाम्यात बहुधा चतुःसीमा दिलेली असते, म्हणजे पूर्वेला काय, पश्चिमेला काय, आणि कधी सोबत कच्चा नकाशाही असतो. शिवाय आयआयटी मद्रासने विकसित केलेल्या एकात्मिक रस्ते अपघात माहितीसंचात पोलीस मोबाइलवरून घटनास्थळाचे अक्षांश-रेखांश भरतात. महाराष्ट्र तो पहिल्यांदा राबवणाऱ्या सहा राज्यांपैकी एक होता. जिथे हे स्थान आणि पंचनाम्याची चतुःसीमा जुळली, त्या अपघाताला ‘पक्का’ म्हटले. नुसती चतुःसीमा असेल तर ‘बरा’ आणि नुसती खूण असेल तर ‘कच्चा’. कच्चे अपघात फेकून देणार नाही, पण प्रत्येक निष्कर्ष त्यांच्यासह आणि त्यांच्याविना असा दोनदा तपासणार.

किरकोळ जखमा मात्र या कागदांत फारशा येतच नाहीत. भर चौकात रिक्षाचा धक्का लागून मनगट मुरगळलेली बाई पोलिसांत जात नाही. रिक्षावाला तिला दवाखान्यात सोडतो किंवा शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवतो आणि विषय संपतो. म्हणून दुखापतींच्या आकड्यांपेक्षा मृत्यू आणि गंभीर दुखापत यांवरच भर ठेवायचा ठरवले.

३ फेब्रुवारी

वाहनमोजणी सुरू झाली. आपल्याकडे वाहतूक मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे प्रत्येक वाहनाचे ‘मोटारीच्या एककां’त रूपांतर करणे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘भारतीय रस्ते काँग्रेस’ या संस्थेच्या शहरी रस्त्यांसाठीच्या कोष्टकात मोटार १, दुचाकी तिच्या एकूण वाट्यानुसार ०.५ किंवा ०.७५, ट्रक आणि बस २.२ किंवा ३.७ अशी वजने आहेत. रस्ता कशाने किती अडतो याचा हा हिशेब आहे आणि त्यासाठी तो योग्यही आहे. पण या कोष्टकात पायी चालणारा माणूसच नाही. एखाद्या चौकाची वाहतूक किती, या प्रश्नाचे सरकारी उत्तर हजारो एककांत मिळते आणि त्याच चौकातून ओलांडून गेलेली माणसे त्यात शून्य असतात. म्हणून माणसे वेगळी मोजायची, सायकली वेगळ्या मोजायच्या आणि त्यांची एककांत बेरीज करायची नाही.

मंडईच्या चौकात सकाळी साडेसात ते साडेनऊ उभी होते. हातातल्या गणकयंत्राचे बटण दाबणे सोपे असते, कोणावर दाबायचे हे ठरवणे अवघड. भाजीची हातगाडी ढकलत नेणारा पायी की वाहन? बंद पडलेली स्कूटर हाताने ओढत झेब्रावरून जाणारा? उलट दिशेने, पदपथाच्या कडेने, एक पाय जमिनीला टेकवत येणारा दुचाकीस्वार? पहिल्या दोघांना पायी धरले. तिसऱ्यासाठी स्वतंत्र रकाना केला आणि तो इतक्या लवकर भरला की त्यासाठी दुसरे गणकयंत्र आणावे लागले.

१२ फेब्रुवारी

‘आजूबाजू’ म्हणजे नेमके किती अंतर? चौकाच्या मध्यापासून ५०, १५० आणि ४०० मीटरची तीन वर्तुळे आखली. पहिल्यात चौकाचे कोपरे येतात, दुसऱ्यात थांबे आणि दुकाने, तिसऱ्यात पाच-सात मिनिटे चालत येण्याजोगी वस्ती. नकाशा खुल्या माहितीवरचा असल्यामुळे त्यात बँका, दवाखाने आणि पेट्रोल पंप आहेत. पण सकाळची चहाची टपरी, संध्याकाळची वडापावची गाडी, शेअर रिक्षांचा न लिहिलेला थांबा आणि मजूरअड्डा यांतले काहीही नाही. चौकाचा स्वभाव ठरवतात त्या याच गोष्टी. त्यामुळे प्रत्येक चौक सकाळ, दुपार आणि रात्र असा तीनदा हिंडून हाताने भरावा लागला.

दारूची दुकाने वेगळी नोंदवली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, मार्च २०१७ मध्ये लहान गावांसाठी ते अंतर २२० मीटर केले आणि पुढे नगरपालिकांच्या हद्दी त्या आदेशातून मोकळ्या असल्याचे स्पष्ट केले. दुकान आणि अपघात यांचा संबंध न्यायालयाने मानला, पण तो शहराच्या वेशीपाशी येऊन थांबला. माझे चोवीसही चौक वेशीच्या आत आहेत.

२७ फेब्रुवारी

पहिले गणित मांडले आणि ते फसले. पायी चालणाऱ्यांच्या अपघातांशी सर्वांत घट्ट जुळलेली गोष्ट निघाली शाळा, त्याखालोखाल बसथांबा. क्षणभर आनंद झाला, मग मार्गदर्शक सरांनी तक्ता पाहून एकच प्रश्न विचारला : “शाळा नसती तर तिथे कोण चालत आलं असतं?”

शाळा धोका निर्माण करते असे नाही; शाळा माणसे आणते आणि माणसे असतात तिथेच माणसांना धक्का लागतो. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात सिग्नलच्या चौकांवर झालेल्या अभ्यासात हेच दिसले होते : परिसरामुळे किती लोक चालतात हे ठरते, पण चालणारे आणि वाहने दोन्ही हिशेबात घेतली की परिसराचा स्वतःचा वेगळा परिणाम फारसा उरत नाही. त्याच अभ्यासाच्या अंदाजानुसार वाहतूक ३० टक्क्यांनी घटली तर जखमी पादचाऱ्यांची संख्या ३५ टक्क्यांनी घटेल.

याला जोडून रस्ते सुरक्षेचे अभ्यासक जेकबसेन यांचे २००३ मधले निरीक्षण पुन्हा वाचले. चालणारे दुप्पट झाले तरी अपघात दुप्पट होत नाहीत. ते साधारण २ च्या ०.४ व्या घाताइतके, म्हणजे १.३२ पट होतात, म्हणून प्रत्येक माणसाची जोखीम मूळच्या दोन-तृतीयांशावर येते. गर्दीत चालक जपून चालवतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. मंडईच्या चौकात हे डोळ्यांना दिसते, कारण तिथे वाहनांना माणसांमधून वाट काढावी लागते. मात्र हा आकडा डोळे झाकून पुण्याला लावायची माझी तयारी नाही. जिथे चालणारे निवड म्हणून नव्हे तर नाइलाज म्हणून चालतात आणि सहापदरी रस्ता ओलांडतात, तिथे गर्दीचे संरक्षण किती मिळते हे पाहावे लागेल.

१० मार्च

आज प्रत्येक चौकाला तीन रंग दिले : पादचारी, दुचाकी, मोटार. जोखीम जितकी अधिक, तितका रंग गडद. एकाच चौकाचे तीन रंग सहसा जुळत नाहीत, आणि मला हवे होते ते नेमके हेच.

मंडईचा चौक सर्वांत बदनाम. खरचटणे, शिवीगाळ, आरसे तुटणे रोजचे. पण मृत्यूच्या रकान्यात तो खालच्या बाजूला आहे. सेवारस्त्याच्या चौकात मात्र दिवसभर शुकशुकाट असतो, पदपथ रुंद, दुकाने मोजकी. मोटारीतल्या माणसाला तो सुरक्षित वाटतो आणि त्याच्यापुरता तो आहेही. पायी ओलांडणाऱ्याला मात्र धडक बसली तर ती जिवावरच बेतते. फरक वेगाचा. ताशी ३० किलोमीटरवरून ५० वर गेले तर वेग दीडपटीहून थोडा अधिक होतो, पण धडकेची ऊर्जा वर्गाने वाढत असल्यामुळे ती पावणेतीनपटीच्या पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार मोटारीने समोरून ठोकरलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर जाताना साडेचारपट होते.

म्हणजे परिसर दोन वाटांनी काम करतो. तो माणसे आणतो, आणि तो वाहनाचा वेग ठरवतो. मंडई दोन्ही करते : माणसे आणते आणि वेग मारते. रुंद रस्त्याला लागून अलीकडे उभे राहिलेले गृहसंकुल फक्त पहिले करते.

२४ मार्च

शाळेच्या चौकात मोजचाक फिरवले. झेब्रावरून ओलांडायचे अंतर, दुभाजक धरून, २४ मीटर भरले. सिग्नलच्या गणितात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायची पद्धत आहे, त्या हिशेबाने २० सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धाला ३० लागतील.

कोपऱ्यावर गजरे विकणाऱ्या एक आजी आहेत. त्यांना पलीकडच्या नळावरून पाण्याची कळशी आणायची असते, म्हणून त्या रोज चार वेळा ओलांडतात. आज मी त्यांच्या मागे घड्याळ लावून उभी राहिले. माणसाचा हिरवा दिवा लागला तरी त्या लगेच निघाल्या नाहीत, कारण डावीकडे वळणारी वाहने सिग्नलला न जुमानता येतच होती. ती ओसरेपर्यंत अर्धा दिवा संपला. मग त्या निघाल्या आणि दुभाजकाच्या खाचेत लाल दिव्यात अडकल्या. दुभाजक तिथे दीड फूट रुंद आहे. कळशी एका बाजूला धरली की पदर दुसऱ्या बाजूच्या बसला घासतो. “आपण थांबायचं बाई, गाड्या काय थांबत न्हाईत,” एवढेच त्यांचे म्हणणे.

माझ्या तक्त्यात या चौकाला ‘सिग्नल आहे’, ‘झेब्रा आहे’, ‘दुभाजक आहे’ असे तीन होकार होते. आज ‘डावे वळण सिग्नलने बांधलेले आहे का’ आणि ‘दुभाजकावर माणूस उभा राहू शकतो का’ असे दोन रकाने वाढवले आणि दोन्हींत नाही लिहिले. डाव्या वळणाचा कोपरा जितका गोलाईदार, तितका वळणारा वेगात असतो आणि तितकाच त्याचा चेहरा उजवीकडच्या वाहनांकडे वळलेला असतो. झेब्रावरचा माणूस त्याच्या नजरेत येतच नाही.

१५ एप्रिल

दुचाकीचा रंग तपासायला चार रात्री दिल्या. इथे परिसराचा हिशेब उलटा फिरतो. पादचाऱ्याला जपणारी दाट वस्ती दुचाकीला दिवसा जपते. रात्री अकरानंतर तीच दुकाने बंद होतात, पाट्यांचे दिवे विझतात, सिग्नल पिवळा लुकलुकू लागतो आणि चारही बाजूंचा प्रत्येक जण आपल्यालाच आधी जायचे आहे असे धरतो. दोन दुहेरी रस्ते एकमेकांना छेदतात त्या चौकात वाहनांच्या मार्गांचे ३२ छेदबिंदू मोजले जातात, तिठ्यावर ९. दिवसा त्यांतले बरेचसे सिग्नल मिटवतो, रात्री ते सगळे उघडे पडतात.

पक्क्या नोंदींपुरते पाहिले तर दुचाकीचे गंभीर अपघात बाजारपेठेपेक्षा रात्री ओस पडणाऱ्या कचेऱ्यांच्या भागात आणि मंगल कार्यालयांच्या रस्त्यांवर अधिक दिसतात. लग्नसराईत मंगल कार्यालयासमोर दुहेरी लागलेल्या मोटारी कोपऱ्यावरची नजरच कापून टाकतात. दारूच्या दुकानांबद्दल मात्र काहीही ठामपणे लिहिणार नाही. कच्च्या नोंदी काढून टाकल्या की तो संबंध विरून जातो.

२ मे

शाळांना सुट्टी लागल्यामुळे मोजणी थांबवली आणि आकडेवारीची डागडुजी केली. अपघात हे विरळ घडणारे प्रसंग, आणि चौक एकमेकांहून फार वेगळे असल्यामुळे आकड्यांचा विखुरलेपणा सरासरीहून बराच जास्त निघतो. साधे प्रारूप त्यात खोटा आत्मविश्वास देते, म्हणून असा विखुरलेपणा सामावून घेणारे ‘ऋण द्विपद’ नावाचे सांख्यिकी प्रारूप वापरले. तरीही चोवीस चौकांवर तीनपेक्षा अधिक घटक लादणे मला प्रामाणिक वाटत नाही. दुसरी सावधगिरी रस्ते सुरक्षेचे अभ्यासक एझ्रा हाउअर यांच्या शिकवणीतली : ज्या चौकात एखाद्या वर्षी फार अपघात झाले, तिथे काहीही न करता पुढच्या वर्षी ते बहुधा कमी होतात. गतिरोधक बसवला आणि अपघात घटले, यातला किती भाग गतिरोधकाचा हे म्हणूनच वेगळे काढावे लागते.

सायकलचा चौथा रंग द्यायचा मोह सोडला. सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात माझ्या चौकांतले सायकलींचे अपघात इतके थोडे आहेत की गणित होत नाही, आणि त्याचे कारण सुरक्षितता नसून सायकलस्वार उरले नाहीत हे मोजणीच्या कागदावर सरळ दिसते. त्या रकान्यात शून्याऐवजी ‘मोजता येत नाही’ असे लिहिले.

१८ जून

शाळा सुरू झाल्यावर शाळेच्या दोन चौकांची फेरमोजणी केली, कारण एक गोष्ट महिनाभर खुपत होती. दोन्ही चौकांत शाळा आहे, मुलांची संख्या जवळपास तेवढीच आहे, रस्त्याची रुंदीही सारखी आहे; तरी पादचाऱ्यांचा रंग एकीकडे गडद आणि दुसरीकडे फिका. सकाळी सव्वासात वाजता पहिल्या चौकात उभी राहिले आणि पाच मिनिटांत कारण कळले. तिथे बसथांबा, रिक्षांचा थांबा आणि वस्ती तिन्ही रस्त्याच्या एका बाजूला आहेत आणि शाळेचे दार दुसऱ्या बाजूला. दप्तर पाठीवर, डबा हातात, दोन दोन मुले एकमेकांची बाही धरून धावतात. दुसऱ्या चौकात वस्ती आणि दार एकाच बाजूला आहेत. रस्ता ओलांडावा लागतो तो फक्त पलीकडच्या दुकानातून पेन्सिल आणायला.

माझ्या वर्तुळांना बाजू नव्हती. ५० मीटरच्या आत शाळा आहे एवढेच त्यांना कळत होते. ती रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे हे कळत नव्हते. मंडई, दवाखाना, पाण्याचा नळ, रेशनचे दुकान, सगळ्यांचे तसेच. मोटारीतल्या माणसाला बाजूने फरक पडत नाही, तो वळून जातो. दुचाकीस्वाराला पडतो, कारण वळसा लांब असला की तो उलट दिशेने येतो. फेब्रुवारीत झपाट्याने भरलेला तिसरा रकाना हाच होता. पादचाऱ्याला मात्र सगळा फरक यानेच पडतो.

२३ जून

पालख्यांच्या मुक्कामामुळे तीन दिवस मोजणी बंद होती. त्या दिवसांत वर्तुळे मोडली. आता प्रत्येक चौकासाठी जोड्या लिहिते आहे : वस्ती आणि थांबा, थांबा आणि शाळा, टपरी आणि मजूरअड्डा, नळ आणि गजऱ्यांची टोपली. प्रत्येक जोडीपुढे तीन गोष्टी असतील : मधे किती पदरी रस्ता आहे, सर्वांत जवळचे ओलांडण्याचे ठिकाण किती मीटरवर आहे आणि दिवसातून ती फेरी अंदाजे किती वेळा होते. ‘शाळा आहे’ हा रकाना खोडला आणि त्याजागी ‘दार कोणत्या बाजूला’ असे लिहिले.

चोवीसपैकी नऊ चौकांच्या जोड्या भरून झाल्या. शाळेच्या चौकाला आजींच्या नळाची जोडी धरून सात जोड्या आहेत आणि त्यांतल्या पाच रस्त्याच्या आरपार जातात. सेवारस्त्याच्या चौकात नकाशावर एकही जोडी दिसत नाही; पण तिथे दुभाजकाच्या जाळीचा एक गज वाकवलेला आहे आणि त्याखालची माती पायांनी घासून गुळगुळीत झालेली आहे. उद्या पहाटे साडेपाचला तिथे जाऊन त्या फटीतून कोण, कुठून कुठे जाते ते पाहायचे आहे.